गाडीतळावर थांबलेली म्हैस

शाळेत गोष्ट सांगायला गेले की मी पहिलं काम करायचे ते मुलांच्या तोंडावरचं बोट काढायचं.

आपल्याकडे शाळेत पाहुणा आला की मुलांना हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवायला लावतात. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून. इकडे पाहुणा गोष्ट सांगतोय, गोष्टीतला हत्ती चिखलात बदकन बसलाय, आणि समोर ओळीनं बसलेली पोरं ओठांवर बोट दाबून नुसती बघतायत. हसू तोंडातून यायला बंदी, म्हणून ते नाकातून येतंय. मला हे कधी सहन झालं नाही. नमस्कार-चमत्कार झाले, गुलाबाचं फूल घेऊन झालं, की मी म्हणायचे, "आता सगळ्यांनी आपापलं बोट खिशात ठेवा." ज्या मुलींच्या फ्रॉकला खिसा नसे त्या विचारायच्या, "आम्ही कुठं ठेवू?" मी सांगायचे, "शेजारणीच्या खिशात." एवढ्यावर वर्ग सैल व्हायचा. मागे उभ्या असलेल्या वर्गबाईंच्या कपाळावर आठी पडायची, पण पाहुणीला बोलणार काय?

मी मुलांसाठी गोष्टी लिहिते. लोकांना वाटतं, मी घरी बसून लिहिते आणि मग शाळांमध्ये जाऊन वाचून दाखवते. माझं उलटं आहे. मी आधी सांगते, मग लिहिते. अर्धीमुर्धी गोष्ट डोक्यात घेऊन वर्गात जायचं आणि सांगता सांगता बघायचं, पोरं कुठं पुढे सरकतात आणि कुठं एकमेकींच्या वेण्या ओढायला लागतात. वेण्या ओढल्या गेल्या तो भाग घरी येऊन कापून टाकायचा. शेवट तर मला आधी कधीच माहीत नसतो. तो त्या पोरांच्या तोंडाकडे बघताना तिथल्या तिथं सुचतो. घरी टेबलाशी बसून मला आजवर एकाही गोष्टीचा शेवट सुचलेला नाही. तिथं सुचतं ते फक्त चहा ठेवावा एवढंच.

या धंद्याला आवाज लागतो, आणि तो मला देवानं सढळ हातानं दिला होता. आमच्या सोसायटीत कुणाकडे काय चाललंय हे कुणाला कळत नाही, आमच्याकडचं मात्र तळमजल्यापर्यंत कळायचं. अहोंचं म्हणणं, मला शाळेत बोलावतात ते गोष्टीसाठी नव्हे, शाळेचा स्पीकर बिघडलेला असतो म्हणून. गोष्ट झाली की शाळा शाल आणि नारळ देते. आपल्याकडे नारळ देणं याचा अर्थ काही बरा नाही, पण शाळा मनापासून देतात, त्यामुळे मीही मनापासून घेते. घरात सदैव दोन-तीन नारळ घरंगळत असायचे आणि अहो दार उघडतानाच विचारायचे, "आज काय, सोलकढी की वड्या?"

तर हडपसरची ही शाळा. गाडीतळाच्या मागच्या गल्लीत, खाली भाजीवाले, वर पत्र्याचं छप्पर, चौथीपर्यंतचे वर्ग. मी कर्वेनगरहून तिकडे जाते म्हटल्यावर अहो म्हणाले होते, "हडपसर? मग मुक्कामाचं सामान भरू का?" तिथली बहुतेक मुलं बाहेरून आलेल्या घरांतली. कुणाचे आईवडील बुलढाण्याकडून कारखान्यात आले, कुणाचे वर्ध्याकडून, कुणाची आई त्या काचेच्या आयटीच्या इमारतीत फरशी पुसते, कुणाचे वडील तिच्याच फाटकावर उभे असतात. काही मूळ हडपसरचीच, ज्यांच्या आजोबांची शेतं त्या इमारतींखाली गेली. चौथीच्या वर्गबाई स्वतः वर्ध्याकडच्या, अंगानं बारीक, जेमतेम तिशीच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "ताई, तुम्ही बोट काढायला लावता ते मला आवडते. पण नंतर ते परत ठेवून घेता घेता माझा जीव जाते." मला त्या तिथंच आवडल्या.

दिवाळीच्या आधी मी त्या चौथीला एका म्हशीची गोष्ट सांगायला घेतली. लोणी काळभोरची म्हैस. रोज पहाटे तिची धार काढतात, दूध किटलीत भरतात, किटल्या टेम्पोत चढतात आणि टेम्पो धुरळा उडवत जातो. म्हैस विचारते, माझं दूध कुठं जातं? कोणी सांगत नाही. शेवटी एक कावळा सांगतो, की कात्रजला मोठी डेअरी आहे, तिकडे जातं. मग एके दिवशी म्हैस दावं तोडते आणि सोलापूर रस्त्यानं एकटी निघते, आपलं दूध बघायला.

या म्हशीचं सगळं काम तिच्या रेकण्यावर होतं. ती आनंदात रेकायची, घाबरून रेकायची, ट्रकवाल्याला शिवी म्हणून रेकायची. मी पोटातून असा आवाज काढायचे, की खालचे भाजीवाले वर बघायचे. पोरं मागून तसाच काढायची. एकीनं विचारलं, "तिच्या गळ्यात घंटी हाय का?" मी म्हटलं, आहे. मला माहीत नव्हतं, पण तिनं विचारलं म्हणजे असणार.

म्हैस चालत चालत हडपसरला गाडीतळावर येते म्हटल्यावर वर्ग उठून उभाच राहिला. त्यांचा रोजचा चौक. सिग्नल लाल, हॉर्न वाजतायत, पोलीस शिट्टी मारतोय आणि मध्ये ही उभी. ती विचारते, कात्रजला कुठून जायचं? जो तो वेगळा रस्ता सांगतो, आणि ठामपणे सांगतो, कारण पुण्यात रस्ता माहीत नाही असं म्हणायची पद्धत नाही. म्हैस गोंधळून जागच्या जागी फिरते, आणि तेवढ्यात खिचडीची घंटा झाली.

खिचडीपुढे कुठल्याही गोष्टीचं काही चालत नाही. मी म्हटलं, "पुढचं दिवाळी झाल्यावर." दारातून बाहेर पडताना एक मुलगा मला म्हणाला, "तवर ती सिग्नललाच थांबंल?" मी म्हटलं, थांबेल.

दिवाळीत माझा आवाज बसला. आधी वाटलं, चिवड्याच्या फोडणीचा ठसका असेल. मग हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध झालं. मग एका डॉक्टरांनी मानेवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. गाठ होती. पुढच्या तपासण्या, ऑपरेशन, रिपोर्टाची वाट बघणं, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. गाठ साधी निघाली. आम्ही दोघं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडलो आणि मग समोरच्या गाडीवर वडापाव खाल्ला. पण गाठ काढताना आवाजाची एक नस दुखावली गेली होती. आवाजाऐवजी नुसता वारा यायचा. हातभर अंतरावरच्या माणसाला, तोही लक्ष देणारा असेल तर, ऐकू जाईल इतपत.

मी विचारलं, परत येईल का? डॉक्टर म्हणाले, "येईल. किंवा नाही येणार. काही महिने जाऊ देत. आणि कुजबुजू नका, त्यानं जास्त ताण येतो." चांगला माणूस होता, खोटं बोलला नाही. त्या वेळी मला तो खोटं बोलला असता तर बरं, असं वाटलं.

घरात अहोंना हाक मारायची सोय उरली नाही. मग त्यांनी देवघरातली घंटी आणून माझ्या उशाशी ठेवली. "काही हवं असलं की वाजव." मी वाजवली की ते आतून यायचे आणि दारात हात जोडून विचारायचे, "कुणाची आरती?" पहिले काही दिवस मी हसायचे. हसण्यालाही आवाज नव्हता. मग मी घंटी वाजवायचं बंद केलं आणि उठून त्यांच्याजवळ जायला लागले.

शाळांचे फोन येत. मी मोबाइलवर लिहून पाठवायचे, सध्या जमणार नाही. कुणी कारण विचारलं की उत्तर द्यायचे नाही. लोक म्हणायचे, आता शांतपणे लिहा की भरपूर. त्यांना कसं सांगू? मला लिहिताच येत नव्हतं. मी टेबलाशी बसायचे, गाडीतळावरची म्हैस डोळ्यांसमोर आणायचे आणि ती माझ्याकडे बघत उभी राहायची. सिग्नल सुटायचा, परत लाल व्हायचा. माझी बोलती बंद झाली तशी लिहितीही बंद झाली होती, आणि आवाज आला नाही तर उरलेलं आयुष्य मी नेमकं कोण म्हणून काढायचं, हे मला कळत नव्हतं. भीती वाटत होती. गाठीच्या रिपोर्टाच्या वेळी वाटली त्याहून थोडीच कमी.

उन्हं तापायला लागली तेव्हा हडपसरच्या बाईंचा फोन आला. अहोंनी घेतला आणि स्पीकरवर टाकला. बाई म्हणाल्या, "ताईंना त्रास नाही द्यायचा मला. पण पोरं रोज विचारून राहिले, म्हैस कुठवर आली. आता परीक्षा होईल, निकाल लागंल अन् हे सगळे पांगतील. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे ना. ताईंनी फक्त शेवट लिहून पाठवला तर मी वाचून दाखवीन."

मी मान डोलावली. अहोंनी "हो" कळवलं. त्यानंतर मी दोन दिवस टेबलाशी बसले. एकदा म्हशीला डेअरीच्या मोठ्या चकचकीत टाकीपर्यंत नेलं. तिथं शंभर म्हशींचं दूध एकत्र झालेलं, तिचं कुठलं ते तिला कळेना. हे इतकं वाईट वाटलं, की खोडून टाकलं. एकदा तिला टेम्पोवाल्यानं पकडून परत आणलं. तेही खोडलं. अहो चहा घेऊन आले, कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "तू सांगितल्याशिवाय तुला कुठं काय कळतं? जाऊन ये."

मी गळ्याकडे बोट केलं.

"तो जिथं पोचेल तिथं पोचेल," ते म्हणाले. निघताना त्यांनी देवघरातली ती घंटी माझ्या पर्समध्ये टाकली. "पोरं गप्प बसेनात तर वाजव."

शाळेत जाऊन बघते तर जय्यत तयारी. फळ्यावर रंगीत खडूनं म्हैस काढलेली, तिच्या गळ्यात ठसठशीत घंटी. बाईंनी मुलांना सांगून ठेवलं होतं, की ताईंचा आवाज बसलाय, त्यांना त्रास द्यायचा नाही. पण आवाज बसणं म्हणजे मुलांच्या दृष्टीनं एकच गोष्ट: सर्दी. त्यामुळे प्रत्येकानं घरून औषध आणलं होतं. मी खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या मांडीवर कागदाच्या पुड्या पडायला लागल्या. लवंगा, ओवा, खडीसाखर, सुंठ, हळकुंड, आल्याचा माती लागलेला तुकडा. एका मुलीनं बामची डबी आणली होती आणि ती परत न्यायची आहे, असं दोनदा बजावलं. एकानं खोकल्याची गोळी दिली. ती अर्धी चोखलेली होती. रस्त्यात राहवलं नाही, असं त्यानंच सांगितलं. "माझ्या आजीनं सांगितलंय, लवंग दाढंखाली धरायची, गिळायची नाही," एक मुलगी म्हणाली. मी तिच्यासमोर लवंग दाढेखाली धरली.

मग मुख्याध्यापक आले. पाहुण्यांचा परिचय त्यांच्याकडे तयार असतो, तोच ते दरवर्षी वाचतात. त्यांनी चष्मा लावून सुरू केलं, "ज्यांच्या खणखणीत आवाजानं आमच्या शाळेच्या भिंती..." आणि तिथं त्यांना आठवलं. भला माणूस. थांबावं की पुढे जावं कळेना. घसा खाकरून त्यांनी वाक्य हळू आवाजात पूर्ण केलं, माझ्याकडे बघून हात जोडले आणि बाहेर निघून गेले. मला त्यांच्या पाठीमागे जाऊन, राहू दे हो, म्हणावंसं वाटलं.

बाईंनी परिपाठाचा माइक लावला. मी त्यात बोलले आणि स्पीकरमधून जे बाहेर आलं ते दळण संपल्यावरही चालू राहिलेल्या गिरणीसारखं होतं. खरखर, आणि पीठ काही नाही. पुढची मुलं दचकली. मी हातानंच माइक बंद करायला सांगितला, खुर्ची बाजूला सरकवली आणि खाली जमिनीवर, पहिल्या ओळीच्या समोर मांडी घालून बसले.

पहिल्या ओळीत लाल रिबिनीची एक मुलगी होती. मागच्या वेळी म्हशीच्या घंटीचं तिनंच विचारलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि मागे वळून सगळ्या वर्गाकडे नजर टाकली. शेजारच्या मुलानं बोट ठेवलं. मग त्याच्या शेजारच्यानं. ओळीमागून ओळ, शेवटच्या भिंतीपर्यंत, सगळ्यांची बोटं ओठांवर गेली. मी बाईंकडे बघितलं. त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी मानेनंच सांगितलं, मी नाही सांगितलं.

इतकी वर्षं जे बोट काढायला लावलं, ते आज त्यांनी माझा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलं होतं. माझे डोळे भरून आले. मी ते पदरानं पुसले आणि खिशात ठेवा असं काही म्हटलं नाही.

मी म्हटलं, "म्हैस अजून सिग्नललाच उभी आहे."

मागून एक आवाज आला, "आयकू नाय आलं."

लाल रिबिनीनं तोंडावरचं बोट काढलं, मागे वळून दुसऱ्या ओळीला सांगितलं, "म्हस आजून सिग्नललाच हाय, हलंना झालीय," आणि बोट परत ओठांवर ठेवलं. दुसऱ्या ओळीतला एक मुलगा तिसऱ्या ओळीकडे वळला. "म्हैस उभीच आहे ना सिग्नलवर. जाऊनच नाही राहिली." तिसऱ्या ओळीनं चौथीला सांगितलं, चौथीनं पाचवीला. दर ओळीला म्हशीची बोली बदलत होती, मधल्या मधे तिला भूकही लागली होती आणि तिला एक माशी चावत होती, जी मी सांगितली नव्हती. वाक्य भिंतीपाशी पोचलं तेव्हा तिथून एक मुलगा उठून म्हणाला, "पोचलं."

असं आम्ही सुरू केलं. मी एक वाक्य बोलायचे. ते मागे जायचं. गमतीचं असेल तर हसूही त्याच्याबरोबर जायचं: पहिली ओळ हसून थांबायची तेव्हा दुसरी हसायला लागायची, मग तिसरी, आणि शेवटची ओळ हसेपर्यंत पहिलीला दुसऱ्यांदा हसू यायचं. बोट निघायचं ते वाक्य पुढे द्यायला आणि दिलं की परत ओठांवर. बाईही दारातून येऊन एका ओळीत बसल्या आणि आपली पाळी आली की वळून सांगायला लागल्या.

मोठ्या आवाजात सांगायचे तेव्हा मला कधी थांबायला मिळायचं नाही. आता एक वाक्य भिंतीपर्यंत जाऊन पोचेपर्यंत मी नुसती बसून राहायचे आणि त्या पोरांच्या तोंडांकडे बघायचे. आणि तेवढ्या वेळात पुढचं वाक्य येत होतं. कितीतरी महिन्यांनी येत होतं. आतून काहीतरी सैल झालं आणि मला रेडिओवर जुनं स्टेशन लागल्यासारखं वाटलं.

पोलीस म्हशीला म्हणाला, लायसन दाखव. म्हैस म्हणाली, माझं दूध दाखव, मग दाखवते. गर्दी जमली. कोणी म्हणालं मांजरीकडून जा, कोणी म्हणालं उंड्रीकडून. ऊन चढलं. म्हैस दमली. इथून पुढे जायला रस्ता नाही आणि मागे जायला मन नाही. तेव्हा चौकाच्या मधोमध उभी राहून तिनं मान वर केली आणि...

सवयीनं मी पोट आत घेतलं, तोंड उघडलं. वारा आला. नुसता वारा.

इथं काय यायला हवं हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. मागे पाठवायला वाक्य नव्हतं. लाल रिबिनीची मुलगी माझ्या उघड्या तोंडाकडे बघत होती. बाईंनी मान खाली घातली. खाली भाजीवाला मेथीचा भाव ओरडत होता तो स्वच्छ ऐकू आला. मला वाटलं, झालं. इथवरच होतं.

तेव्हा अगदी शेवटच्या ओळीतून, भिंतीपासून, एक बारीक म्हैस रेकली. जरा चिरकी, घाबरलेली. तिला तिच्या शेजारचीनं साथ दिली. मग ती ओळच्या ओळ रेकली, मग तिच्या पुढची, आणि आवाज मागून पुढे येत येत पहिल्या ओळीपर्यंत पोचला. लाल रिबिनीनं डोळे मिटून, मुठी आवळून असा सूर लावला, की पत्र्याचं छप्पर थरथरलं. सगळी चौथी रेकत होती. माझ्यासारखीच, पोटातून, शेवटी सूर वर नेऊन. मी कधी शिकवलं नव्हतं.

मुख्याध्यापक धावत आले. "अरे काय चाललंय? तोंडावर..." म्हणाले आणि जमिनीवर बसलेल्या मला बघून थांबले. त्यांचा हात स्वतःच्याच तोंडाशी गेला होता.

गोष्टीचा शेवट मला त्या गोंगाटात मिळाला. पोरं दमून थांबली तेव्हा मी म्हटलं, "म्हशीनं विचारलं, माझं दूध कुठं गेलं? आणि गाडीतळाच्या आजूबाजूच्या सगळ्या घरांतून, ज्यांनी ज्यांनी सकाळी तिचं दूध प्यायलं होतं, ती सगळी पोरं अशी ओरडली." ते वाक्य मागे गेलं. या वेळी कोणी त्यात काही घातलं नाही.

"पोचलं," भिंतीपासून आवाज आला.

"आमी दूध नाय पीत," एक मुलगा म्हणाला. "चा पितो."

"चहात जे पडतं ते तिचंच."

त्याला ते पटलं. लाल रिबिनीची मुलगी विचार करत होती. "म्हंजे आता कात्रजला जायलाच नको तिला."

"नको."

"मग ती घरी गेली?"

"संध्याकाळच्या धारेची वेळ व्हायला आली होती," मी म्हटलं. "वळली आणि गेली."

मग खिचडीची घंटा झाली. मी मुलांच्या रांगेत बसून खिचडी खाल्ली, शाल घेतली, नारळ घेतला, बामची डबी परत केली. निघताना बाईंनी माझे दोन्ही हात धरले. दोघींचाही आवाज गेल्यासारखं झालं.

माझा आवाज पुढे थोडा आला. पूर्वीचा नाही, त्याच्या अर्ध्यानंही नाही. मी अजून शाळांमध्ये जाते, जमिनीवर बसते आणि गोष्ट ओळीओळीनं मागे पाठवते. अहो म्हणतात, सोसायटीत आता शांतता आहे, पण लोक चौकशी करतात. म्हशीची गोष्ट मी त्याच रात्री लिहून काढली. माशी ठेवली.

पण त्या दुपारचं एक राहिलं. रिक्षा करून मी परत निघाले आणि गाडीतळाच्या सिग्नलला अडकले. उन्हाळ्याची सकाळची शाळा, खिचडी झाल्या झाल्या सुटली होती. दुभाजकापाशी चौथीची दोन-तीन पोरं आयांचे हात धरून रस्ता ओलांडायला उभी होती. त्यांत लाल रिबिनीची मुलगीही होती. तिनं मला बघितलं, आईचा हात सोडला, तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि भर चौकात रेकली. पलीकडच्या फुटपाथवरून दुसरं कोणीतरी रेकलं. मोटारसायकलवाले वळून बघायला लागले.

मला उत्तर द्यायचं होतं आणि माझ्याकडे वारा होता. मी पर्समध्ये हात घातला, देवघरातली घंटी काढली आणि रिक्षातून हात बाहेर काढून जोरजोरात वाजवली.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "मॅडम, सिग्नल सुटला की निघतोच की. घंटी कशाला वाजवताय?"

सिग्नल सुटला. रिक्षा वळली तेव्हाही मी वाजवतच होते. मागून त्या मुलीचा आवाज आला, गाड्यांच्या आवाजाच्या वर, खणखणीत. ती आईला सांगत होती, "आई, ती बघ. घरी निघाली."